आजेसासऱ्यांच्या स्टुडिओतल्या काचा

प्रश्न मिरजेहून आलाय. जुना वाडा उतरवायला काढलाय, माळ्यावरून दोन पत्र्याच्या ट्रंका खाली आल्या. त्यांत पुठ्ठ्याची खोकी आणि खोक्यांत काचा. उजेडाला धरल्या की माणसं दिसतात, तोंडं काळी आणि केस पांढरे. आजेसासऱ्यांचा १९१० ते १९३० च्या सुमारास गावात फोटो स्टुडिओ होता, एवढंच घरात माहीत आहे. विचारणाऱ्या ताईंचे प्रश्न चार आहेत: काचा धुतल्या तर चालतील का, मोबाइलने फोटो काढून ॲपमध्ये रंग भरावेत का, ही माणसं कोण हे कळेल का, आणि वाडा पाडणारा कंत्राटदार "या काचा मीच घेऊन जातो" म्हणतोय, तर द्याव्यात का.

शेवटच्याचं उत्तर घाईचं आहे म्हणून आधी देतो. देऊ नका. या काचा म्हणजे फोटोंच्या निगेटिव्ह, ज्यांत उजळ ते काळं आणि काळं ते उजळ दिसतं; त्यांनाच प्लेटा म्हणतात. गावोगावच्या स्टुडिओंचा साठा असाच गेला. सोड्याच्या गरम पाण्यात प्लेटा भिजवायच्या, वरचा थर खरवडायचा आणि निघालेली काच तसबिरींना लावायची. काच महाग होती, चेहरे फुकट होते. एका घरी दत्ताच्या तसबिरीवरच्या काचेच्या कोपऱ्यात मला करडा पट्टा दिसला. भिंगातून पाहिलं तर त्या पट्ट्यात खुर्चीचा पाय आणि एक बूट होता. बाकीचा माणूस धुऊन गेला होता.

धुण्याचंही तेच उत्तर. पाणी नको, कॉलिन नको, स्पिरिट नको, ओलं फडकंसुद्धा नको. काचेच्या एका बाजूला जिलेटिनचा पातळ थर असतो आणि त्यात चांदीचे बारीक कण. तेच चित्र. जिलेटिन म्हणजे जनावरांच्या हाडाकातड्यापासून काढलेला सरसच. पाणी लागलं की तो फुगतो, आणि शंभर वर्षांत काचेवरची पकड सुटत आलेली असेल तर सायीसारखा निघून हातात येतो. थर कुठल्या बाजूला आहे हे ओळखायला प्लेट तिरकी धरा. चकाकते ती काचेची बाजू, मंद दिसते ती थराची.

पण "मग काचेची बाजू तरी पुसते" असं म्हणाल, म्हणून माझाच पराक्रम सांगतो. जुने फोटो जपायचं काम शिकत होतो तेव्हा कोकणातल्या एका घरातून चाळीसएक प्लेटा आल्या होत्या. काचेच्या बाजूवर लालसर राप होता. डिस्टिल्ड वॉटरचा बोळा घेऊन मी अर्ध्या तासात आठ प्लेटा लखलखीत केल्या. सर आले, त्यांनी एक प्लेट खिडकीशी धरली आणि परत ठेवून दिली. बोलले काहीच नाहीत. तो राप नव्हता. फोटोग्राफरने माणसाच्या कडेकडेने ब्रशने लावलेला लाल रंग होता. लाल रंगातून छपाईच्या कागदाला चालणारा उजेड जात नाही, म्हणून छापल्यावर मागचं सगळं कोरं पांढरं यायचं आणि माणूस तेवढा उठून दिसायचा. दोन-तीन दिवसांची ती नाजूक कारागिरी मी पुसून टाकली होती. आता त्या आठ जणांच्या मागे पडदा धरून उभ्या असलेल्या पोऱ्याची बोटं दिसतात.

आता तुमच्या हातात नेमकं काय आहे ते. या ड्राय प्लेट असणार. रिचर्ड लीच मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टरने १८७१ मध्ये जिलेटिनच्या प्लेटची कल्पना मांडली आणि पुढच्या दहा वर्षांत त्या कारखान्यात बनू लागल्या. त्याआधी फोटोग्राफरला जागेवरच काचेवर रसायन ओतायचं, ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि लगेच धुवायची, असा खटाटोप असे. ड्राय प्लेटचं खोकं मात्र विलायतेहून बोटीने मुंबईला आणि मुंबईहून रेल्वे पार्सलने कुठेही पोचायचं. मिरजेसारख्या जंक्शनच्या गावात स्टुडिओ चालला याचं अर्धं श्रेय त्या खोक्याला आहे. दादासाहेब फाळक्यांनीसुद्धा सिनेमाच्या कितीतरी आधी गोध्र्यासारख्या छोट्या गावात फोटोचाच धंदा थाटला होता. तुमच्या खोक्यांवर इलफर्ड, इम्पीरियल, वेलिंग्टन, ल्युमिएर, आग्फा यांपैकी नावं दिसतील. खोक्यावरच्या लेबलावरून आतल्या प्लेटचं साल ठरवू नका. रिकामी खोकी वर्षानुवर्षं वापरली जात.

मापं बहुधा तीनच असतील. फुल प्लेट साडेसहा बाय साडेआठ इंच, हाफ प्लेट पावणेपाच बाय साडेसहा, आणि क्वार्टर सव्वातीन बाय सव्वाचार. पोर्ट्रेटला हाफ प्लेट जास्त चाले. डझनभर हाफ प्लेटांचं वजन किलोच्या आसपास भरतं, तेव्हा अख्खी ट्रंक एकट्याने उचलायला जाऊ नका. पाठीपेक्षा जास्त काळजी ट्रंकेच्या गंजलेल्या तळाची करा.

आता माझा खरा आग्रह. ट्रंक उघडली की सगळे आधी चेहरे बघत सुटतात, "ही बघ, हिचं नाक थेट आत्यासारखं!" म्हणत एका खोक्यातली प्लेट दुसऱ्यात जाते. असं केलंत तर माणसं ओळखण्याची तुमची सगळ्यात मोठी संधी पहिल्याच दुपारी गेली. खोकं ज्या क्रमाने ट्रंकेत आहे आणि प्लेट ज्या क्रमाने खोक्यात आहे, तो क्रम बहुतेक वेळा फोटोग्राफरनेच लावलेला असतो. आधी बंद ट्रंकेचा फोटो काढा, मग उघड्या ट्रंकेचा. मग प्रत्येक खोक्याला चिठ्ठीवर शिसपेन्सिलीने नंबर द्या: ट्रंक १, खोकं १. खोक्यावर स्टिकर किंवा सेलोटेप चिकटवू नका. मग एकेक खोकं उघडून वरून खाली प्लेटांना १/१/१, १/१/२ असे नंबर. चेहरे पळून जात नाहीत.

हा क्रम काय देतो त्याचं उत्तम उदाहरण लांबचं आहे. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहॅम गावी ह्यू मँगम नावाचा फोटोग्राफर होता, १८७७ ते १९२२. गावोगाव फिरून स्वस्तात पोर्ट्रेट काढायचा. त्याचा कॅमेरा असा की एकाच काचेवर छोट्या छोट्या चौकटींत एकामागून एक गिऱ्हाइकं बसवता यायची. मेल्यावर त्याच्या प्लेटा घरच्या तंबाखूच्या कोठारात पडून राहिल्या, १९७० च्या दशकात कोठार पाडायची वेळ आली तेव्हा वाचल्या, आणि आता ड्यूक विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत. तो काळ गोऱ्या-काळ्यांना कायद्याने वेगळं ठेवण्याचा. गाडीत डबे वेगळे, शाळा वेगळ्या. आणि मँगमच्या एकाच काचेवर गोरी बाई, शेजारच्या चौकटीत काळा मुलगा, त्याच्या शेजारी पुन्हा गोरं कुटुंब. स्टुडिओच्या दारात त्या दिवशी कोण कोणाच्या मागे उभं होतं, ते काचेवर उमटलंय. सुटे चेहरे कापून अल्बम केला असता तर हे कोणालाच कळलं नसतं. तुमच्याकडे एका काचेवर एकच माणूस असेल, पण खोक्यातल्या बारा काचा मिळून तीच गोष्ट सांगतात.

एक प्लेट कशी वाचायची ते दाखवतो. देशावरच्या एका स्टुडिओतली हाफ प्लेट या क्षणी माझ्या टेबलावर आहे. नऊवारीतली तरुण बाई खुर्चीत बसलीय, कोपर गोल टेबलावर, हातात पुस्तक. वरच्या कडेला थरावर सुईने कोरलेला आकडा आहे, ४१२, आणि पुढे "कॅ ६". म्हणजे कॅबिनेट नावाच्या ठरलेल्या मापाच्या सहा प्रती. कपाळाच्या जागी भिंगातून पाहिलं तर शेकडो बारीक स्वल्पविराम दिसतात. हे रिटचिंग. थरावर आधी डिंकासारखं माध्यम चोळायचं म्हणजे पेन्सिल धरते, मग टोकदार शिसपेन्सिलीने सुरकुती, देवीचे व्रण, डोळ्यांखालचं काळं भरत जायचं. निगेटिव्हवर जिथे शिसं चढलं तिथे फोटो उजळ येतो. या बाईच्या डाव्या गालावर उजव्यापेक्षा दुप्पट पेन्सिल आहे, तिथे देवीचे व्रण असावेत. गळ्याशी थर पात्याने अलगद खरवडलाय, म्हणजे ती जागा छापताना गडद व्हावी. हे बहुतेक दागिन्याची कड उठावी म्हणून. फोटोत ती बाई गुळगुळीत, गोरीपान दिसली असेल. ती खरी कशी दिसायची ते फक्त या काचेवर आहे, तेसुद्धा पेन्सिलीखाली. म्हणून म्हणतो, पुसू नका.

प्लेट खूप काळी वाटली तरी ती बिघडलेली नाही. त्या वेळी पी.ओ.पी. म्हणजे उजेडातच चित्र उमटणाऱ्या "प्रिंटिंग-आउट" कागदावर, प्रिंटिंग फ्रेममध्ये काच आणि कागद एकमेकांना लावून, अंगणात उन्हात छपाई व्हायची. त्या कागदाला दाटच निगेटिव्ह लागे. आजच्या कॅमेऱ्याला थोडा जास्त वेळ दिला की त्या काळ्यातून काठापदराची वीणसुद्धा निघते. कडेला थर चुण्या पडून सुटलेला दिसला तर तो बहुधा उन्हाळ्याचा प्रताप. आपल्याकडच्या मे महिन्यात नळाच्या कोमट पाण्यात जिलेटिन मऊ पडायचं, म्हणून लोक रात्री, माठातल्या पाण्याने प्लेटा धुवत आणि थर घट्ट करायला तुरटीचं पाणी वापरत. एका खोक्यातल्या सगळ्याच प्लेटांच्या कडा अशा असतील तर त्या एकाच हंगामातल्या असण्याची शक्यता धरायला हरकत नाही.

आता रंग. ॲपमध्ये रंग भरायचा मोह समजतो. गंमत म्हणून एखादा करा, घरात दाखवा, पण तो पुरावा समजू नका. कारण साधं आहे. या प्लेटांना लाल रंग दिसतच नाही. अगदी साध्या प्लेटा फक्त निळा आणि जांभळा उजेड टिपत, नंतरच्या ऑर्थोक्रोमॅटिक प्लेटा हिरवा-पिवळाही थोडा टिपू लागल्या. सगळे रंग टिपणाऱ्या प्लेटा १९०६ पासून बाजारात होत्या, पण त्या पूर्ण अंधारात धुवाव्या लागत. छोट्या स्टुडिओवाल्याला लाल दिव्यात प्लेट डोळ्यांनी बघत बघत धुवायची सवय, तो कशाला त्या भानगडीत पडतोय.

याचा परिणाम असा: लाल म्हणजे काळा. कुंकू फोटोत काळं, आणि निगेटिव्हवर कपाळाच्या मधोमध आरपार दिसणारा स्वच्छ ठिपका. फिकट निळं लुगडं पांढरं दिसतं. पिवळा पितांबर साध्या प्लेटवर अपेक्षेपेक्षा बराच गडद. आपली कातडीही तांबूस-पिवळी, म्हणून सगळेच जण आहेत त्यापेक्षा सावळे येत आणि पुढचा भार रिटचिंगवाल्याच्या पेन्सिलीवर पडे. ॲपला यातलं काही ठाऊक नाही. ते पांढऱ्याला पांढरं धरून पुढे जातं.

बायकांच्या फोटोत ही चूक महागात पडते. एका घरात पणजीचा गडद लुगड्यातला फोटो होता आणि सगळे त्याला "संक्रांतीची चंद्रकळा" म्हणत. नीट पाहिलं तर लुगड्याला काठ नव्हता, हातात बांगडी नव्हती, डोक्यावरून पदर घट्ट ओढलेला होता आणि निगेटिव्हवर कपाळी तो स्वच्छ ठिपका नव्हता. ते आलवण होतं, विधवेचं लुगडं, लाल रंगाचं, प्लेटने काळं केलेलं. पणजी त्या फोटोत फार तर वीस-बावीस वर्षांची होती. घरात बराच वेळ कोणी काही बोललं नाही.

उलट-सुलटही तपासून घ्या. काचेची बाजू आपल्याकडे आणि थर पलीकडे असताना चित्र बरोबर दिशेचं दिसतं. खात्री करायला नथ डाव्या नाकपुडीत आहे का बघा, किंवा पुरुषांच्या कोटाची डावी बाजू उजवीवर आलीय का. कडेचे आकडे मात्र कधी सरळ, कधी आरशातल्यासारखे असतात. लिहिणाऱ्याची सवय.

माणसं कोण, हा तुमचा खरा प्रश्न. चेहऱ्यावरून माणूस क्वचितच सापडतो, नंबरावरून सापडतो. कडेचा ४१२ हा आकडा कुठल्या तरी वहीत होता: नाव, गाव, किती प्रती, किती आगाऊ, किती बाकी. ती वही शोधा. त्या काळचे हिशेब मोडीत असण्याची दाट शक्यता आहे, तेव्हा वाचता येत नाही म्हणून जुन्या चोपड्या रद्दीत घालू नका. मोडी वाचणारी माणसं आता पूर्वीपेक्षा सहज भेटतात, आणि मोडीतले आकडे तर देवनागरीशी इतके मिळतेजुळते असतात की नंबरांचा रकाना तुमचा तुम्हालाच लागेल.

वही नाही मिळाली तरी मिरज असल्याचा फायदा आहे. गावात सतार-तंबोरे करणाऱ्यांची पिढीजात घराणी, मीरासाहेबांच्या दर्ग्याचा उरूस, पटवर्धनांचं संस्थान, आणि १८९४ मध्ये डॉ. वॉन्लेसनी सुरू केलेलं मिशनचं हॉस्पिटल. या चौघांची गिऱ्हाइकं वेगवेगळी ओळखू येतात. तंबोरा घेऊन बसलेला माणूस दिसला तर भोपळ्यावरचं नक्षीकाम आणि खुंट्या नीट मोठं करून बघा. वाद्य कोणाच्या हातचं आहे हे गावातले कारागीर सांगू शकतील, आणि वाद्यावरून मालकापर्यंत जाता येईल. मात्र आधी एक तपासा: तोच तंबोरा आणखी पाच जणांच्या हातात तर नाही ना? तसं असेल तर तो स्टुडिओचा, मिरवायला ठेवलेला. टेबल, पुस्तक, घड्याळाची साखळी, काही वेळा कोटसुद्धा स्टुडिओचाच असे. एकाच कोटात सात जण मी पाहिलेत. सातव्याला बाह्या चार बोटं आखूड होत्या.

मागच्या रंगवलेल्या पडद्याचा मात्र उपयोग करून घ्या. पडद्याला पडलेली घडी, फाटलेला कोपरा, कमानीवरचा पाण्याचा ओघळ हे सगळं काळाबरोबर वाढत जातं. एखाद्या प्लेटचं साल कळलं, म्हणजे समजा पाटीवर लिहिलंय, तर ओघळ लहान असलेल्या प्लेटा आधीच्या, मोठा असलेल्या नंतरच्या. याच युक्तीने मी तीनशे प्लेटा चार गटांत लावल्यात. कंटाळवाणं काम आहे, पण पावसाळ्यात बरं जातं.

काही प्लेटांत कडेला टाचण्या किंवा पुठ्ठ्याची कड दिसेल. ते फोटोचे फोटो. घरात कोणी वारलं की ग्रुपमधला एक चेहरा घेऊन तो मोठा करून द्यायचा, हा स्टुडिओचा नेहमीचा धंदा. अशा प्लेटवरचा माणूस ही नक्कल काढली तेव्हा हयात नसण्याचीच शक्यता जास्त. त्याचं साल पोशाखावरून लावायला गेलात तर फसाल.

डिजिटायझेशन घरी होऊ शकतं. यादीपुरतं मोबाइल चालेल: टॅब्लेटवर पूर्ण पांढरा स्क्रीन लावा, त्यावर दोन-तीन सेंटिमीटर उंचीवर दुधी ॲक्रिलिकचा तुकडा, त्यावर प्लेट. स्क्रीनवर थेट ठेवलीत तर ठिपक्यांची जाळी दिसते. चांगल्या प्रतीसाठी लाइट पॅनेल, कॅमेरा वरून खाली तोंड करून स्टँडवर, जवळून टिपणारी मॅक्रो लेन्स, रॉ (कॅमेऱ्याची मूळ, कच्ची) फाइल. थराची बाजू कॅमेऱ्याकडे ठेवा, म्हणजे मध्ये काच येत नाही, आणि नंतर चित्र आडवं उलटवा. प्लेटच्या बाहेरचा उजेड काळ्या कागदाने झाका, नाहीतर भगभगीत उजेड आत शिरतो. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याने हाफ प्लेट इंचाला आठशेच्या आसपास पिक्सेलने मिळते, तेवढं पेन्सिलीच्या रेघा मोजायला पुरतं. सोळा बिटची ग्रेस्केल (बिनरंगी) टिफ फाइल पन्नासेक एमबीची होईल. तीनशे प्लेटांना पंधरा जीबी, आजच्या मानाने काहीच नाही.

एक नियम मात्र पाळा: पूर्ण काच घ्या, चारही कडांसकट. कडा कापून, धूळ घालवून, कॉन्ट्रास्ट वाढवून केलेली प्रत वेगळ्या फोल्डरात. फाइलचं नाव तेच, १-१-४, बाकी काही नाही. "आजोबा बहुतेक" असं नाव दिलेल्या फाइलीने दहा वर्षांनी कोणाचंच भलं होत नाही.

हाताळताना नायट्राइलचे मोजे घाला. सुती मोज्यांतून काच निसटते आणि धागे सुटलेल्या थरात अडकतात. टेबलावर पातळ फोम आणि वर पांढरा कागद, प्लेट दोन्ही हातांनी कडांना धरून. धुळीला हाताने दाबायचा ब्लोअर आणि अगदी मऊ ब्रश, तोही थर घट्ट असेल तरच. प्लेटा मुळात खोक्यात तोंडाला तोंड लावून यायच्या आणि पुष्कळदा तशाच परत ठेवल्या जात, म्हणून दोन प्लेटा चिकटलेल्या सापडतील. ओढू नका, सुरी घालू नका. तशाच जोडीने वेगळ्या ठेवा, ते जाणकाराचं काम आहे. बुरशी दिसली तर एन-९५ मास्क लावा आणि ते खोकं बाकीच्यांपासून दूर न्या. कडेला निळसर-चंदेरी, आरशासारखी झाक दिसेल ती चांदी वर आल्याची. जुन्या प्लेटला ती यायचीच, घासून काढू नका.

फुटलेल्या प्लेटा फेकू नका आणि फेविकॉल-सेलोटेपने जोडू नका. तुकडे एकमेकांना न घासता, आडवे, एकेक वेगळ्या कागदात. थर निघत चाललेल्या प्लेटाही ठेवा. रुमानियातल्या स्लोबोझिया गावच्या कॉस्तिका अक्सिंते या फोटोग्राफरच्या सुमारे पाच हजार प्लेटा तिथल्या जिल्हा संग्रहालयात आहेत. कित्येकांचा थर सोलपटून चेहऱ्यावरून वळलाय, तरी त्या डिजिटाइझ करून सगळ्यांना खुल्या केल्या गेल्या. अर्धा चेहरा हाही चेहराच.

साठवणीसाठी प्रत्येक प्लेटला चार पाकळ्यांचं आम्लरहित कागदाचं पाकीट. नंबर पाकिटावर शिसपेन्सिलीने, आणि प्लेट आत घालण्याआधी. मग लांब कडेवर उभ्या, मजबूत खोक्यात, मध्ये पुठ्ठ्याचे आधार देऊन. एका खोक्याचं वजन आठ-दहा किलोंपलीकडे नको. फुटलेल्या तेवढ्या आडव्या. जुनी खोकी आम्लयुक्त असतात म्हणून प्लेटांसोबत ठेवायची नाहीत, पण लेबलं आणि त्यांवरचं हस्ताक्षर यांसाठी वेगळी जपायची.

जागा निवडताना आपला पावसाळा डोळ्यांसमोर ठेवा. आदर्श आर्द्रता तीस ते चाळीस टक्के, जी संग्रहालयालाही कष्टाने जमते. घरी पन्नासच्या आसपास राहिली आणि वरखाली कमी झाली तरी पुष्कळ. पासष्टच्या वर गेली की बुरशी धरलीच म्हणा. पत्र्याखालचा माळा नको, तळमजला नको, पश्चिमेची बाहेरची भिंत नको. घराच्या मधल्या खोलीतलं स्टीलचं कपाट घ्या, लाकडी नको, आणि आत काही शे रुपयांचा आर्द्रतामापक ठेवा. सिलिका जेल चालेल, पण पुड्यांवर पुड्या कोंबू नका. फार कोरडं झालं की जिलेटिन आकसतं आणि काचेपासून सुटतं. कृष्णाकाठची मंडळी आहात, २०१९ चा पूर विसरला नसाल, म्हणून हेही सांगतो: प्लेटा कधी भिजल्याच तर कागदपत्रांसारख्या फ्रीझरमध्ये टाकू नका. थर वर करून, सावलीत, वाऱ्यावर वाळवा, आणि ओल्या असतानाच एकमेकींपासून अलग करा. वाळल्यावर त्या सुटत नाहीत.

हक्काचं विचारलं नाहीत, तरी पुढे येईल. तेव्हाच्या, १९११ च्या ब्रिटिश कायद्यात निगेटिव्हचा मालक हाच फोटोचा कर्ता मानला जाई, आणि या काचा तुमच्या घराच्याच आहेत. पण त्यांवरची माणसं दुसऱ्यांच्या घरची आहेत. आलवणातल्या बाईचा, किंवा हॉस्पिटलात उपचाराला आलेल्या माणसाचा फोटो फेसबुकवर टाकण्याआधी दोन दिवस थांबा. सगळं एखाद्या संस्थेला द्यायचं ठरलं तर तोंडी दान करू नका. कागदावर यादी, नंबर, प्रती कोणाला मिळणार, हे लिहून घ्या आणि ट्रंका फोडून वाटणी होऊ देऊ नका. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात संवर्धनाचा स्वतंत्र विभाग आहे, चिकटलेल्या आणि बुरशीच्या प्लेटांबद्दल तिथे विचारता येईल. प्लेटा कुरियरने पाठवू नका, आधी फोटो पाठवा.

आणि कंत्राटदाराला अजून चार दिवस थांबवता येत असेल तर थांबवा. नंबरांची वही ट्रंकेत सहसा नसते. ती हिशेबाच्या चोपड्यांबरोबर असते, लाल कापडात बांधलेली, आणि वाडा उतरवताना सगळ्यात आधी तीच बाहेर फेकली जाते.